पुण्यात वानवडी-येरवड्याकडे पहिल्यांदा फिरायला निघताय? मग एवढं वाचा

अरे, नव्या माणसाची पहिली चूक म्हणजे एका रविवारी पाच-सहा ठिकाणं कोंबायची आणि अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये घालवायचा. तू आधी तीनच कर.

१) शिंदे छत्री, वानवडी. सकाळीच जा. महादजी शिंदे १७९४ मध्ये इथेच वानवडीत वारले, त्यांचं हे स्मारक. लोक बाहेर सेल्फी काढून निघतात, तू आत शांत उभा राहा, रंगीत काचांतून ऊन आत उतरतं ते बघ, मला आजही तिथून पाय काढवत नाही.

२) तिथून एम्प्रेस गार्डन जवळच. जुनी प्रचंड झाडं, त्यांच्यावर चढलेले मांडीएवढे जाड वेल. पाणी आणि सतरंजी घेऊन जा, घाई नको.

३) आगाखान पॅलेस मात्र वेगळ्या दिवशी. १८९२ चा राजवाडा, पण खरं महत्त्व मागच्या बाजूला आहे आणि बरेच जण तिथवर जातच नाहीत. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ ला वारले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला, दोघंही इथेच कैदेत असताना. समाध्या शेजारी-शेजारी आहेत, तिथे थोडं बसच.

लेणी, टेकड्या वगैरे नंतर सांगतो. जाऊन आलास की कळव.