नर्सिंग सोडवण्याआधी

तुमची मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रुग्णालयं डिजिटल होत चालली, आता नर्सला कोण विचारणार, म्हणून तिनं हे सोडून डेटा सायन्सला जावं असं तुम्ही ठरवलंत, आगाऊ रक्कमही भरलीत. कोर्स चांगला आहे ना, एवढंच मला विचारलंय.

तिच्या गुणांची मला चिंता नाही. अख्ख्या पत्रात तिला काय हवंय ते कुठेच नाही, याची आहे. तिचं म्हणावं असं एकच वाक्य सापडलं, तेही तुमच्या तक्रारीच्या सुरात: ‘ड्युटीवरून आली की स्कॅनरचंच पुराण लावते. म्हणे, मनगटावरच्या पट्टीऐवजी टेबलाला चिकटवलेला बारकोड स्कॅन करतात.’ अहो, हे पुराण नीट ऐका की! औषध देण्याआधी रुग्ण तोच आहे ना, हे बघायला त्याच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅन करायचा असतो. पट्टी ओली झाली, चुरगळली की स्कॅनर ती वाचत नाही. मग घाईत बारकोडची जादा प्रत वापरली जाते. संगणकात नोंद चोख, पण औषध भलत्याच रुग्णाला गेलं तरी यंत्रणा हूं की चूं करणार नाही. हे शिकाऊ मुलीच्या नजरेत आलं, आणि तुम्ही ती नजर वॉर्डातून उचलायला निघालात.

यंत्रणा बसवली की रुग्णालय आपोआप सुधारतं, हा समज आधी काढून टाका. 2002 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका बाल रुग्णालयात औषधांचे आदेश संगणकावरून देणं सुरू झालं. बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर नंतरच्या पाच महिन्यांत 2.80 वरून 6.57 टक्क्यांवर गेल्याचं 2005 च्या अभ्यासात दिसलं. मूल पोहोचण्याआधी जी औषधं सांगून ठेवता येत, ती आता नोंदणी होईपर्यंत सांगता येईनात; खाटेजवळची माणसं कीबोर्डवर अडकली. उलट 2010 मध्ये स्टॅनफर्डच्या बाल रुग्णालयातल्या अभ्यासात अशाच प्रकारच्या यंत्रणेनंतर मृत्युदर सुमारे 20 टक्क्यांनी घटलेला दिसला. तंत्रज्ञान वॉर्डाच्या कामात कसं बसवलं, यावर इतकं अवलंबून असतं. ते बसवताना वॉर्डात राबलेलं माणूस लागतं. नुसता कोड लिहिणारा पुरत नाही.

मार्ग साधा आहे: पदवी, मग वॉर्डातला अनुभव, मग हेल्थ इन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे आरोग्यसेवेतली माहिती आणि संगणक यंत्रणा हाताळण्याच्या विषयात, पदव्युत्तर शिक्षण. तेही तिला हवं असेल तरच. तिला रुग्णांजवळच राहायचं असेल, तर त्यातही काही बिघडत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि तुम्ही न वाचता पाठवा. भरलेली रक्कम परत मिळते का, ते मात्र उद्याच विचारून घ्या.