पंख्यांच्या आवाजावर पहिले उपाय

पहिलाच संगणक स्वतः जोडलात, याबद्दल मनापासून अभिनंदन. त्याचे पंखे फार आवाज करतात, काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. हा आवाज नक्की कमी करता येईल. मात्र नवे पंखे घेण्याची घाई करू नका, बहुतेक नवखे तिथेच चुकतात.

आधी आवाज कोणत्या पंख्याचा आहे ते शोधा. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एकेका पंख्याचा वेग उतरवून कान देऊन ऐका. टिकटिक ऐकू येत असेल, तर बहुधा एखादी केबल पात्यांना घासत असते. संगणक बंद करून ती बांधून टाका.

मग जोडणी पाहा. ३ पिनांचा पंखा बायोसमध्ये पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेवरच्या संकेताने वेग ठरवण्याच्या पद्धतीवर) ठेवल्यास तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. त्यासाठी डीसी (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याची पद्धत) निवडावे लागते. आवाज सारखा चढत-उतरत असेल, तर प्रोसेसरचे तापमान क्षणभर उसळते आणि पंखा लगेच त्यामागे धावतो, म्हणून बायोसमध्ये वेग बदलण्यास काही सेकंदांचा विलंब द्या आणि ६० अंश सेल्सिअसपर्यंत वेगाचा आलेख (कोणत्या तापमानाला किती वेग, ही रेषा) जवळजवळ सपाट ठेवा. माझ्या अनुभवात बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

वेग उतरवल्यावर एखादे जड काम अर्धा तास चालवून तापमान अवश्य तपासा. हवेच्या फवाऱ्याने धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवा.