इंग्लंडला आठवडाभर जातोय. वाफेच्या इंजिनाची कुठली गाडी धरावी, म्हणजे गाडीही मिळेल आणि डोंगरही?

एकच दिवस हाताशी असेल तर यॉर्कशायर गाठा. पिकरिंगहून ग्रोमंटला आणि तिथून पुढे व्हिटबीच्या समुद्रापर्यंत जाणारी नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे. (लिहिताना ग्रोमंटच्या मधे एक ‘एस’ असतो, तो कोणी उच्चारत नाही.) फक्त सगळा दिवस गाडीत बसून काढू नका. मी तेच केलं होतं.

लेक लीड्सला असते, त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी माझा तिकडे मुक्काम पडतो. पहिल्या खेपेला दिवसभराचं तिकीट काढलं आणि पैसे वसूल करायचे म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून राहिले. दिसलं काय? वळणावर इंजिनाचा एखादा तुकडा, एरवी झाडी आणि दरडी. ज्याच्यासाठी एवढं आलो ते इंजिन डब्यातून दिसतच नाही, हे घरी परतल्यावर जावयाने फोटो मागितले तेव्हा लक्षात आलं. एकाही फोटोत इंजिन नव्हतं.

पुढच्या खेपेला मधल्या गोथलंड स्टेशनला उतरले आणि ग्रोमंटपर्यंत चालत गेले. साडेपाच-सहा किलोमीटर, बहुतेक उतारच. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसालाही जमतं. ही पायवाट म्हणजे जॉर्ज स्टीफनसनने आखलेली १८३६ची मूळ लाइन. तेव्हा इंजिन नव्हतंच, डबे घोडे ओढायचे. बेक होल या वाडीच्या वरचा चढ घोड्यांना झेपण्यासारखा नव्हता, तिथे डबे दोराने वर खेचत. १८६५ला हा चढ टाळून वळसा घेणारी नवी लाइन टाकली, तीच आज चालते. तिचा चढही काही कमी नाही, ४९ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आपला बोरघाट ३७ला एक आहे, म्हणजे याहून तिखट; पण आपण तिथे मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लावतो. इथे सगळे डबे घेऊन इंजिन एकटंच चढतं.

म्हणून बघायचं ते चढणीवरच. पायवाटेवरून लाइन दिसेल अशी जागा धरून उभे राहा. गाडी दिसण्याच्या बऱ्याच आधी ऐकू येते. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेरीत चार धापा टाकतं. चढावर त्या इतक्या सुट्या होतात की मोजता येतात. मग दरीतल्या झाडांच्या शेंड्यांवरून पांढरा लोट सरकताना दिसतो, खाली गाडी अजून नाहीच. मग एकदम समोर. कोळसा टाकणारा फायरमन वाकलेला, भट्टीचं दार उघडलं की त्याच्या चेहऱ्यावर तांबडा उजेड. गाडी गेल्यावर मागे तापल्या तेलाचा आणि कोळशाचा वास राहतो. त्या वासाने मी थेट कुर्डुवाडीला पोचले.

आता थोडं विषयांतर. माझं आजोळ बार्शीचं. लहानपणी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत बसायचं, हा सुट्टीचा निम्मा आनंद. ती अडीच फुटी (दोन रुळांत तेवढंच अंतर) लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची, १८९७ला सुरू झालेली. तिची पहिली इंजिनं झाली लीड्सला, किट्सनच्या कारखान्यात. म्हणजे लेक राहते त्याच गावात! आणि गंमत म्हणजे बार्शीचा अनुभव गाठीशी बांधून कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडातच, स्टॅफर्डशायरमध्ये, तशीच अडीच फुटी लीक अँड मॅनिफोल्ड लाइन केली, १९०४ला. इंजिनं पुन्हा किट्सनचीच, समोर आपल्याकडच्यासारखे मोठाले दिवे. ती १९३४लाच बंद पडली. रूळ काढून तिथे आता चालायचा आणि सायकलचा रस्ता आहे, चुनखडीच्या अरुंद खोऱ्यातून, वर कड्यात थॉरची गुहा. तिथे गाडी मिळणार नाही, तरी सोलापूरकडचे असाल तर जाऊनच या.

आता कधी जायचं. सगळे ऑगस्ट सांगतील, कारण तेव्हा माळावर हेदरचं झुडूप फुलतं आणि टेकड्या जांभळ्या होतात. खरं आहे. पण उन्हात वाफ दिसत नाही. आपण जिला वाफ म्हणतो ते गार हवेत वाफेचे झालेले पाण्याचे बारीक थेंब असतात, हवा उबदार असली की तो लोट विरून जातो. शिवाय फार कोरडा उन्हाळा असला तर ठिणगीने गवत पेटेल म्हणून वाफेच्या जागी डिझेल जोडतात. एका दुसऱ्याच लाइनवर मला ते भोगावं लागलं, नातवाचं तोंड बघवत नव्हतं. मी तरी ऑक्टोबर म्हणेन. नेचा तांबूस झालेला असतो, हवा ओली, आणि पांढरा लोट दरीभर रेंगाळतो. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं इंजिन आणि शेवटच्या गाडीची वेळ मात्र बघा.

स्कॉटलंडच्या ग्लेनफिनन पुलाचं तुम्हाला सगळे सांगतीलच. १९०१ला सुरू झालेला, २१ कमानींचा, नुसत्या काँक्रीटचा, आणि वळणावर असल्यामुळे डब्यातूनसुद्धा आपलं इंजिन दिसतं. तिथल्या वाफेच्या गाडीची तिकिटं फार आधी संपतात, पुलाखाली हॅरी पॉटरच्या सिनेमामुळे जत्रा असते. न मिळालं तर हळहळू नका, त्याच रुळांवरून रोजची साधी डिझेल गाडी मॅलेगला जाते, तळी आणि डोंगर तेच. यॉर्कशायरमधल्या २४ कमानींच्या रिबलहेड पुलाचंही तसंच. वाफेची गाडी तिथे अधूनमधूनच असते, पण लीड्स-कार्लाइल रोजच्या गाडीने जाऊन पुलाखाली उभं राहिलं तरी मान दुखेपर्यंत वर बघत बसाल.

ग्रोमंटला पोचल्यावर लगेच चहाकडे वळू नका. स्टेशनजवळ घोड्यांच्या काळातला बुटका बोगदा आहे, त्यातून चालत पलीकडे इंजिनांच्या शेडपर्यंत जाता येतं. ही लाइन सरकारने १९६५ला बंद केली होती. हौशी लोकांनी ती १९७३ला पुन्हा सुरू केली, आणि आजही तिथली बरीच मंडळी बिनपगारी आहेत. राख उपसणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं, पूर्वी रेल्वेत होता का? म्हणाले, नाही, दातांचा डॉक्टर होतो.

आणि हो, परतताना जुन्या डब्यात बसलात तर बऱ्याचशा दारांना आतून कडी नसते. काच खाली करायची, हात बाहेर काढून दार उघडायचं. मी पहिल्यांदा आत अडकून बसले होते. पण चालत्या गाडीत खिडकीबाहेर डोकं काढू नका. नियम तर आहेच, शिवाय कोळशाचा कण डोळ्यात गेला की संध्याकाळपर्यंत टोचतो. कुर्डुवाडीला आई पदराच्या टोकाचा बोळा करून त्यावर फुंकायची आणि डोळ्यावर धरायची. तिकडे रुमाल जवळ ठेवा.