घाट चढला की गिअरबॉक्स गळतो

प्रश्न: जुनी फोर बाय फोर आहे, सिंहगड घाट करून आलं की पार्किंगमध्ये ऑइलचा डाग पडतो, सिलेक्टर शाफ्टपाशी (गिअर बदलणारा दांडा) ओलं दिसतं. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उतरवायचा. उतरवू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: थांबा हो, एवढी घाई नको. आधी सगळं धुवून पुसून घ्या आणि थोडं चालवून बघा, कारण ऑइल वरून ओघळत येतं आणि आपण उगाच खालचं पॅकिंग बदलत बसतो. मग ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं तोंड) बघा, तो चिखलाने चोंदला की आतली हवा तापून फुगते आणि ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, घाटानंतरच गळतंय म्हणजे मला तरी पहिला संशय त्याचाच. लेव्हल जास्त भरली असेल तरी हेच होतं. दोन्ही ठीक असेल तर शाफ्टचं सील किंवा ओ-रिंग गेलीय, नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जुना पीस दाखवून मापाचं घ्या. शाफ्टवर चरे असतील तर नवीन सीलही टिकणार नाही. बऱ्याच गाड्यांत हे बॉक्स न उतरवता होतं, फक्त उघडताना आतली स्प्रिंग आणि बॉल उडतात (आणि मग शोधत बसा!). ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं टाका, जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ नको, काही जीएल-५ ऑइल पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) खातात.