दुपारी माना टाकलेल्या झाडांना पाणी घालावं का? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमचं घर लातूरला, गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत, मोगरा, जास्वंद, कडीपत्ता, तुळस. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या घालते तरी दुपारी सगळी झाडं माना टाकायलीत. सासूबाई म्हणतात, माणसाला प्यायला नाही अन् तू झाडाला घालायलीस. काय करू?

उत्तर : आधी सासूबाईंचं बोलू, कारण त्यांचं खरंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये तुमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस बघितलेला माणूस असंच बोलणार. तेव्हा पिण्याचं पाणी कुंडीत नकोच. सिंकजवळ एक बादली ठेवा, डाळ-तांदूळ, भाज्या, फळं धुतलेलं सगळं पाणी त्यात, आणि ते त्याच दिवशी वापरून टाका, शिळं झालं की वास मारतं. वॉशिंग मशीनचं पाणी मात्र घालू नका, पावडरीतला सोडा माती खराब करतो.

आता तांब्या-तांब्याचं. मागच्या मे महिन्यात माझा मोगरा असाच रोज मान टाकायचा, शेवटी मी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. वर बोटभर माती ओली, खाली पार कोरडा ढेकूळ, बारीक मुळं सगळी वरच्या ओलीत गोळा झालेली, जिथं ऊन सगळ्यात जास्त लागतं तिथं. आणि मातीचा गोळा आकसून कुंडीपासून सुटला होता, करंगळी जाईल एवढी फट. म्हणजे मी घातलेलं पाणी त्या फटीतनं सरळ खालच्या भोकातनं बाहेर यायचं, अन् मला वाटायचं चला, झाड पोटभर प्यालं.

तुमच्याकडं हेच झालं असणार. एकेक छोटी कुंडी पाण्याच्या टबात बुडवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा, टबातलं तेच पाणी पुढच्या कुंडीला चालतं. मोठ्या कुंडीतली फट माती ढकलून बुजवा आणि थांबून थांबून दोन-तीनदा पाणी द्या, भोकातनं थेंब पडेपर्यंत. त्यानंतर रोजचा तांब्या बंद, बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळी ऊन चढायच्या आत.

दुपारी मान टाकली म्हणून लगेच धावू नका. पारा ४२-४३ ला गेला की पानांतनं पाणी उडतं त्या वेगानं मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतलं झाडही लुळं पडतं. संध्याकाळी ताठ झालं तर त्याला काही झालेलं नाही, सकाळीही लुळंच दिसलं तर मग खरी तहान. हे कळलं नाही म्हणून दुपारी पाणी ओतून ओतून मुळं कुजवलेली माणसं मी बघितलीत, फार वाईट वाटतं.

गच्चीचा स्लॅब तव्यासारखा तापतो, तेव्हा कुंड्या विटांवर ठेवा अन् एकमेकींना खेटून ठेवा, बाहेरून चुना मारा. मातीवर दोन इंच सोयाबीनचं भूस, उसाचं पाचट नाहीतर वाळका पाला, फक्त खोडाला चिकटवू नका. पश्चिमेकडून ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा, नसेल तर जुनी सुती साडी पण चालते. मोगऱ्याला सकाळचं ऊन मिळू द्या, तो फुलायचा काळच हा आहे. युरिया, छाटणी, कुंडी बदलणं, हे सगळं मृगाचा पाऊस पडेपर्यंत नको.

प्रश्न : आरओचं वाया जाणारं पाणी आणि कूलरचं पाणी झाडांना चालतं का? (नांदेड)

उत्तर : दोन्हीत क्षार जास्त असतात, कूलरमध्ये तर पाणी उडून जातं अन् क्षार मागं राहतात. रोज नको, साधं पाणी मिसळून कधीतरी द्या, कुंडीच्या मातीवर पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की बंद करा. एसीतनं ठिबकणारं पाणी मात्र खुशाल घाला, त्यात क्षार जवळपास नसतातच.

प्रश्न : परभणीला घरामागं पाच वर्षांचं लिंबू आहे, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात आणि बारकी लिंबं गळायलीत.

उत्तर : काका, काळी माती वाळली की आकसते, भेगा पडताना बारीक मुळं तुटतात आणि खालची ओलही त्याच भेगांतनं उडून जाते. म्हणून आधी वरची माती हलक्या हातानं खुरपून भेगा बुजवा, मगच पाणी, नाहीतर सगळं खोल निघून जाईल. खोडाशी पाणी तुंबू देऊ नका, डिंक्या रोग येतो. फांद्यांचा घेर जिथं संपतो तिथं आळं करा. पंधरा दिवस कोरडं अन् मग एकदम धो धो, अशानं लिंबं जास्त गळतात, थोडं पण नेमानं द्या.

माझा सल्ला विचाराल तर मडकी पुरा. रंग न दिलेली, साधी, पाझरणारी मडकी, घेरावर चार, गळ्यापर्यंत मातीत. माती कोरडी असली की ती मडक्यातनं पाणी ओढते, ओली असली की ओढणं कमी होतं, त्यामुळं वाया काही जात नाही. वर पाचट पसरा आणि पाणी तळाला जायच्या आत परत भरा. तोंडावर मातीची परळ ठेवा, म्हणजे डास होत नाहीत अन् खारी आत पडत नाहीत, त्या परळीतही सकाळी थोडं पाणी घाला, चिमण्या-बुलबुल येऊन पितात.