आपलं आडनाव खोटं आहे का?

सई,

काल रात्री जेवताना तू विचारलंस, "आई, आपण कोकणात आडिवऱ्याला कधी राहिलोच नाही. मग आपलं आडिवरेकर हे आडनाव खोटं नाही का?" आणि मी काय म्हटलं? "ताट उचल आधी." आईला उत्तर सुचत नाही तेव्हा ताट उचलावं लागतं, हे तुला आता कळायला लागलंय. तू उचललंस, पण जाताना माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्यासाठी हे लिहितेय. सगळं नाही वाचता आलं तर बाबाकडून वाचून घे, म्हणजे त्याचंही वाचन होईल.

तुझा प्रश्न शाळेच्या प्रकल्पातून आला, हे मला ठाऊक आहे. आपल्या शहराचा, फिलाडेल्फियाचा इतिहास, आणि शेवटच्या पानावर 'माझं नाव, माझं शहर'. तू सगळी नावं शोधून काढलीस आणि मग स्वतःच्या नावापाशी अडलीस.

आधी माझी गोष्ट सांगते. तुला वाटतं, सगळ्या मराठी माणसांना गाव असतं. मला नव्हतं. माहेरचं आडनाव देशपांडे, म्हणजे कोणे एके काळच्या कामाचं नाव, त्यात गाव नाही. आजोबांची नोकरी बदलीची, मग कल्याणला दोन खोल्या घेतल्या आणि तिथेच राहिलो. मे महिना आला की अख्खी चाळ रिकामी व्हायची. कोण राजापूरला, कोण देवगडला. एसटीची तिकिटं, पत्र्याच्या ट्रंका, येताना फणसाचे गरे आणि आमसुलं. जिन्यात फक्त मी आणि मांजर.

चौथीत बाईंनी प्रत्येकाला उभं करून गाव विचारलं. माझ्या पुढे बसणारी मुलगी "मालगुंड" म्हणाली. माझी पाळी आली आणि मीही "मालगुंड" म्हटलं. समुद्र बघितला नव्हता तरी वर्णन केलं, आमच्या घराच्या पायरीला लाटा लागतात म्हणून. मधल्या सुट्टीत ती मुलगी आनंदाने विचारायला आली, "तुमचं घर कुठल्या वाडीत?" त्यानंतर आठवडाभर मी तिच्या शेजारून गेले नाही. तेव्हा खोट्या गावाबद्दल मला थोडंफार कळतं.

मग लग्न झालं आणि गाव आयतं मिळालं, आडनावातच शिवलेलं. पहिल्या वर्षी बाबा मला आडिवऱ्याला घेऊन गेला. घराला कुलूप, ते गंजून घट्ट बसलेलं, किल्ली चार भावांपैकी नक्की कोणाकडे यावर आप्पा आजोबा आणि काकाआजोबा फोनवर भांडत. अर्धा तास अंगणात उभी होते. मग महाकालीच्या देवळात गेलो. तिथे एका म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "कुणाची गो तू?" मी म्हटलं, "आप्पांची सून." तिने मान हलवली आणि बाजूला सरकून बसायला जागा दिली. एवढंच झालं. पण चौथीतल्या त्या बाकावरून मी त्या दिवशी खाली बसले, असं मला वाटलं.

आता यातली दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू म्हणशील आई नुसतं गोड गोड लिहिते. आप्पा चेष्टेने म्हणतात, "आडिवऱ्यात कोण आडिवरेकर? गाव सोडलं की माणूस कर होतो." त्यांचे वडील गिरगावात आले, तिथल्या लोकांनी विचारलं कुठले, आणि उत्तर आडनाव होऊन चिकटलं. खरं तर आपली शेतं कसणारी माणसं वेगळी होती. ती अजून तिथेच आहेत, पिढ्यान्पिढ्या. गाव त्यांचं जास्त, नाव आपल्याकडे. हे मी आप्पांसमोर बोललेले नाही, तूही एवढ्यात बोलू नकोस.

म्हणूनच तुझी वही वाचताना मला मजा वाटली आणि पोटात तुटलंही. हे शहर वसवणाऱ्या तुझ्या विल्यम पेनचंच घे. १६८१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सने त्याच्या वडिलांकडून घेतलेल्या कर्जापोटी त्याला हा मुलूख दिला. पेनला नाव हवं होतं सिल्व्हेनिया, म्हणजे रानाचा मुलूख. राजाने त्याच्या वडिलांच्या मानाखातर पुढे 'पेन' जोडलं, म्हणून पेनसिल्व्हेनिया. लोक म्हणतील हा स्वतःचंच नाव लावतो, या भीतीने पेनने ते बदलून घ्यायला अधिकाऱ्याला २० गिनी, म्हणजे सोन्याची नाणी, देऊ केल्या. बदललं नाही. शहरातही लोक रस्त्यांना आपापली नावं द्यायला लागले तेव्हा ते त्याला रुचलं नाही, म्हणून चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशी झाडांची नावं आली, आणि उभ्या रस्त्यांना नुसते आकडे. आपण 'बाविसाव्या रस्त्यावर वळ' म्हणतो ते त्या माणसाच्या संकोचामुळे.

पण त्याच्या आधीही इथे माणसं होती. लेनापी. मनायंक, म्हणजे पाणी प्यायला जायची जागा. पॅसयंक, विसाहिकन. इथल्या जागांची ही नावं त्यांची. आणि स्कूलकिल नदीचं नाव डच, 'लपलेली नदी'. तू लेनापींपुढे टिंब टिंब करून लिहिलंस, 'हे लोक आता इथे राहत नाहीत.' का नाहीत, ते पानभर लिही ना. पेनशी त्यांचा सलोख्याचा करार झाला म्हणतात, शॅकामॅक्सनच्या एल्म झाडाखाली. पुढे त्याची मुलं आली. १७३७ मध्ये त्यांनी एक जुना कागद पुढे केला, की माणूस दीड दिवसात जेवढं चालेल तेवढी जमीन आमची. लेनापींना वाटलं माणूस चालतो तसा चालेल, थांबेल, खाईल, पाईप ओढेल. यांनी आधी रान तोडून वाट काढून ठेवली आणि तीन धावणारे गडी ठेवले. त्यातला एकच शेवटपर्यंत टिकला, ६० मैलांहून जास्त गेला. दहा लाख एकरांहून अधिक जमीन गेली. इतिहासात याला 'वॉकिंग पर्चेस' म्हणतात, जणू कोणी फेरफटका मारून भाजी आणली.

बघ, आपण गाव सोडलं आणि नाव घेऊन आलो. त्यांचं गाव गेलं आणि नाव इथेच राहिलं. दोन्हींत मला रात्री झोप न येण्याइतका फरक वाटतो, पण कुठलं जास्त खरं ते मला सांगता येत नाही.

तुला आठवतं, आपण लिबर्टी बेलजवळ वॉशिंग्टनच्या घराच्या जागी गेलो होतो? हे शहर १७९० ते १८०० देशाची राजधानी होतं, आणि त्या घरात त्याने नऊ गुलाम ठेवले होते. दगडात कोरलेली नऊ नावं वाचताना तू विचारलंस, "यांची आडनावं कुठेत?" मॉल, जाइल्स, पॅरिस. नुसती एवढीच. ओना जजचं मात्र पूर्ण होतं. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्याने इथे सहा महिने राहिलेल्या गुलामाला सुटका मागता यायची, म्हणून वॉशिंग्टन त्यांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणायचा. १७९६ मध्ये मालक जेवायला बसलेले असताना ओना निघून गेली आणि न्यू हॅम्पशायरला पोचली. त्या दिवशी मी तुला उत्तर दिलं नव्हतं. ताटही नव्हतं उचलायला सांगायला.

आणि एक, म्हणजे मी कल्याणची म्हणून सांगतेय असं नाही, जरा आहेच. आनंदीबाई जोशी. कल्याणची मुलगी, माहेरचं नाव यमुना, लग्नात आनंदी झालं. ११ मार्च १८८६ला या शहरातल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. पुढच्या वर्षी पुण्यात वारली, २१ वर्षांची. अस्थी मात्र तिच्या मानलेल्या अमेरिकन मावशीच्या कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला. हिचं गाव कुठलं लिहायचं, कोणी सांगेल का?

तेव्हा शेवटच्या पानावर काय लिहायचं ते तू ठरव. मी आडिवरे लिही म्हणणार नाही. 'फिलाडेल्फियाकर' लिहिलंस तरी मला राग येणार नाही, आप्पांना आधी थोडा येईल, मग ते चाळीत सगळ्यांना सांगत सुटतील. पण म्हातारी विचारेल, कुणाची गो तू, तेव्हा मात्र शोधाशोध करू नकोस.

यंदा मे महिन्यात तिकिटं स्वस्त मिळाली तर जाऊ या का, असं बाबा म्हणतोय. तुझी परीक्षा कधी संपते ते सांग. किल्ली नंदूआत्याकडे आहे, आता तरी नक्की.

आई

ता. क. प्रकल्प शुक्रवारी द्यायचाय ना? मनायंकचं स्पेलिंग वहीत दोन ठिकाणी वेगवेगळं आहे, एक कर.