ग्राइंडर परत आणा, मग मशीनचं बोला

प्रश्न : मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. पूर्वी खनिज वाहतुकीचे दोन ट्रक होते, आता एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगा यंदा बारावी सायन्सला ५८ टक्क्यांनी पास झाला. जेईईत काही जमलं नाही. एलडीसीची, म्हणजे सरकारी कारकुनाच्या परीक्षेची तयारी कर म्हटलं तर ऐकत नाही. पाण्याच्या धारेने लोखंड, काच, लादी कापणारं टेबलावरचं मशीन त्याने मोबाइलवर बघितलंय. ते घेऊन घरीच वर्कशॉप काढणार म्हणतो. सगळं धरून आठ-नऊ लाख लागतील, असा त्याचाच अंदाज. इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली रक्कम मागतो. गेल्या गणेश चवथीला त्याने माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या छतासाठी, घडीची लोखंडी फ्रेम केली, शेजारच्या दोघांनीही करून घेतली, पण अशाने पोट भरतं का? रागाच्या भरात मी त्याचा ग्राइंडर, ड्रिल आणि शिकंजा विकून टाकला. आता म्हणतो, पैसे नकोत, गाडी धुण्याच्या जुन्या पंपावर मीच मशीन बनवतो. महिनाभर घरात धड बोलत नाही. हे खूळ कसं काढावं?

उत्तर : टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. ग्राइंडर विकल्याचं वाचलं आणि तिथेच थांबले.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माटोळीच्या फ्रेमचं आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. माटोळीला नारळाची पेंड, सुपारीचे घोस, केळीचा घड, भोपळा, रानातली फळं लागतात. सगळं मिळून बरंच वजन होतं आणि ते गणपतीच्या डोक्यावर दिवसचे दिवस लटकत असतं. घडीची फ्रेम करायची तर चारही कोपऱ्यांची भोकं जुळावी लागतात, नाहीतर ती उघडत नाही, मिटत नाही. वजन कुठे येणार, पट्टी किती जाड घ्यायची, हे आधी ठरवावं लागतं. हे त्याने शिकवणीशिवाय केलं आणि शेजाऱ्यांनी भरवशाने आपल्या घरात टांगलं. ५८ टक्क्यांच्या गुणपत्रिकेत हे कुठेच उमटत नाही. तो काय करू शकतो याचा तुमच्या घरात एकच पुरावा होता, त्याची हत्यारं. तीच तुम्ही विकलीत. त्याचं न बोलणं मला हट्टाचं वाटत नाही.

तुमची भीती मला कळते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली-सत्तरीत दारात उभे राहिलेले ट्रक आणि बँकेच्या नोटिसा आपण सगळ्यांनी पाहिल्या. मोठी रक्कम घालून यंत्र घ्यायचं म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येणार. पण ती भीती तुम्ही मुलाला रागाच्या रूपात दिलीत. त्याऐवजी तिची माहिती द्यायला हवी होती. तुमच्या ट्रकांना गिऱ्हाईक एकच होतं, ते गेल्यावर ट्रक चांगले असूनही निरुपयोगी झाले. हप्ता महिन्याच्या महिन्याला येतो आणि काम मात्र तसं येत नाही, हे तुम्ही सोसून शिकलात. यंत्र घ्यायला निघालेल्या मुलाला नेमकं हेच कुणीतरी सांगायला हवं, आणि ते तुमच्याइतकं नीट दुसरं कोण सांगणार? त्या ट्रकांचे कागद काढा. किंमत, हप्ता, टायर, डिझेल, शेवटची फेरी कधी झाली, सगळं त्याच्यासमोर मांडा. बापाचा हा हिशेब त्याने बहुधा कधी पाहिलेलाच नाही.

आता मशीनबद्दल. ते घेऊ नका असंच माझंही मत आहे, पण तुमच्या कारणाने नाही. मुलगा जे बघतोय ते खोटं नाही. २०१६ साली वेझर नावाच्या अमेरिकी कंपनीने किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन असं टेबलावरचं यंत्र आणलं, आणि आज ते विकलं जातं. दाबाच्या पाण्यात गार्नेट नावाची कठीण वाळू मिसळून बारीक धार सोडायची, ती धार धातू, दगड, काच कापते. उष्णता नसल्यामुळे कडा जळत नाही, पत्रा वाकत नाही. छंद म्हणून घेतात त्या लहान लेझरला जाड लोखंड झेपत नाही, हे यंत्र तेही कापतं. टफन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली काच तेवढी चालत नाही, तिचे तुकडेच होतात.

गैरसमज इथून पुढे सुरू होतो. ‘सगळं कापतं, म्हणजे सगळी कामं येतील’ असं तुमच्या मुलाने धरलंय. कारखान्यातल्या वॉटरजेटचा, म्हणजे याच जातीच्या मोठ्या यंत्राचा दाब साधारण ६०,००० पीएसआय (दाबाचं एकक) असतो. या लहान यंत्राचा त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून ते कापतं, पण सावकाश. जाड पोलादाच्या एका आकृतीला तास लागू शकतात. गार्नेट मिनिटाला सुमारे १५० ग्रॅम जातं, म्हणजे तासाला ९ किलो. चार तासांच्या एका कामाला ३६ किलो वाळू, आणि तीही एकदाच वापरायची. काम झालं की ओला, जड गाळ बादल्यांनी उपसायचा आणि कुठे टाकायचा ते बघायचं. गटारात सोडला तर तुंबणार. कापण्याची जागा फूट बाय दीड फुटाच्या आसपास, त्यामुळे खिडकीची ग्रिल किंवा गेटाचं पान त्यात मावतच नाही. आणि साध्या लोखंडी पत्र्याचं काम असेल तर औद्योगिक वसाहतीत फायबर लेझरवर, म्हणजे पत्रा कापणाऱ्या मोठ्या लेझर यंत्रावर, तेच मिनिटांत होतं. तिथल्या दराशी घरात बसून स्पर्धा करता येणार नाही. या यंत्राला खरा वाव काच, लादी, दगड यांच्या लहान, नाजूक कामात आहे. अशी कामं आपल्याकडे कोण मागतं, महिन्याला किती, हे विचारायला तो अजून एकाही दुकानाची पायरी चढलेला नसावा. परदेशातून येणाऱ्या यंत्राचं जहाजभाडं, सीमाशुल्क, जीएसटी, आणि नोझल बिघडलं तर सुटा भाग येईपर्यंतची वाट, हेही त्याच्या आठ-नऊ लाखांत धरलंय का, विचारा.

पण हा हिशेब तुम्ही करून त्याच्या तोंडावर मारू नका, त्यालाच करायला सांगा. एक नेमकी वस्तू निवडू दे. घराच्या नावाची पाटी घ्या, पितळी अक्षरं ग्रॅनाइटमध्ये बसवलेली. तिचं ड्रॉइंग त्याने संगणकावर काढावं, कापणाऱ्या यंत्राला चालेल अशी डीएक्सएफ फाइल करावी, आणि कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन कटिंगचं जॉबवर्क करणाऱ्यांकडून दर आणावा. तिथून कापून घ्यावं, घासून, बसवून विकावं. अशा दहा पाट्या विकल्या गेल्या तर मशीनचा विषय पुन्हा काढायला माझी हरकत नाही. नाही विकल्या गेल्या, तर शिकायला एका यंत्राच्या किमतीपेक्षा फारच कमी पैसे लागले.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. डिचोलीच्या सरकारी आयटीआयची चौकशी करा. फिटर आणि मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे असतात. मेकॅनिकलचा डिप्लोमा पॉलिटेक्निकमध्ये होतो, तो केला की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची वाट उघडी राहते. गोवा शिपयार्डसारख्या ठिकाणी अप्रेंटिसशिप मिळते. माझा कल मात्र टूल अँड डाय मेकिंगकडे, म्हणजे कारखान्यांचे साचे आणि हत्यारं घडवण्याच्या कामाकडे आहे. बेळगावला कर्नाटक सरकारचं टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर आहे, छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम. तिथे मुलं खऱ्या यंत्रांवर काम करतात: संगणकावर चालणारी सीएनसी, ग्राइंडिंग, तारेने धातू कापणारी वायर-कट. ज्याची भोकं मोबाइल बघून जुळतात, त्याला मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करायला शिकवलं तर तो कुठे पोहोचेल, हे मला बघायला आवडेल. पत्र हातात पडताच दोन्हीकडच्या प्रवेशाच्या तारखा बघा. इंजिनिअरिंगसाठी ठेवलेले पैसे इथे खर्च करा.

आयटीआयचं नाव काढताच तुम्ही नाक मुरडलं असणार. लोक काय म्हणतील, ही तुमची अडचण आहे, मुलाची नाही. एलडीसीचं पद वाईट नाही, पण ज्याला दिवसभर काही घडवल्याशिवाय चैन पडत नाही त्याला तीस वर्षं फायलींपुढे बसवायचं आणि त्याला सुरक्षितता म्हणायचं, हे मला मान्य नाही. शिवाय कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेला मनापासून अभ्यास करणारी मुलं बसतात. बापाच्या धाकाने बसलेला मुलगा तिथे टिकत नाही.

हत्यारं परत आणा. विकत घेणारा देत नसेल तर नवी घ्या, आणि घेताना त्याला दुकानात सोबत न्या. ‘चुकलं माझं’ एवढं म्हणालात तरी पुरे, भाषण नको. शिकंजा त्यालाच निवडू द्या. आणि ग्राइंडरबरोबर गॉगल आणि हातमोजे न मागता घ्या.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, आणि इथे ‘नाही’ म्हणजे ‘नाही’च. गाडी धुण्याच्या पंपावर घरगुती वॉटरजेट करायचा नाही. विकत मिळणाऱ्या यंत्रात धार बंद पेटीत असते, झाकण उघडलं की थांबते. घरी जोडलेल्या पाइपला आणि नोझलला असं काही नसतं, शेजारी ओल्या जमिनीवर विजेची वायर असते ती वेगळीच. दाबाची धार बोटात घुसली तर बाहेरून टाचणीएवढंच भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र पाणी आणि वाळू स्नायूंमध्ये लांबवर गेलेली असते. मुलं पट्टी बांधून झोपतात आणि उशीर झाला की बोट जातं. असं कधी झालं तर जखम छोटी दिसतेय म्हणून थांबू नका, तसंच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या आणि दाबाच्या पाण्याने झालंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याने तो पंप आणलाय की नुसतं बोलतोय, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. आज घरी गेल्यावर आधी तेवढं बघा.